पारंपरिक घरातील गारवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

यंत्राचा आधार न घेता घराची दिशा, भिंतींची जाडी, छताची घडण, सावली आणि वारा यांच्या साह्याने आतील तापमान सुसह्य राखण्याच्या पद्धतीला निष्क्रिय रचना म्हणतात. महाराष्ट्रातील माळवदाची घरे, चौकाचे वाडे आणि कोकणातील कौलारू घरे याच तत्त्वावर उभी आहेत. परंतु त्यांच्याविषयीच्या काही गैरसमजांमुळे दुरुस्तीच्या वेळी या घरांचा मूळ गुणच हरवतो.

गैरसमज : जाड भिंतींचे घर कोणत्याही हवामानात थंड राहते.
वस्तुस्थिती : जाड भिंत उष्णता नाहीशी करत नाही, ती साठवते आणि उशिरा आत सोडते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारच्या उन्हाचा परिणाम आत पोहोचायला सुमारे १२ तास किंवा अधिक काळ लागतो. सोलापूर वा मराठवाड्यात तोवर बाहेरची हवा निवलेली असते आणि साठलेली उष्णता रात्रीच्या वाऱ्याने काढून टाकता येते. कोकणात मात्र दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि हवा दमट असल्याने हा लाभ मर्यादित राहतो. तेथे खोल पडवी आणि आरपार वारा यांचेच महत्त्व अधिक.

गैरसमज : खिडक्या दिवसभर उघड्या असल्या की घर गार राहते.
वस्तुस्थिती : कोरड्या उन्हाळ्यात भर दुपारी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा तापलेली असते, म्हणून तेव्हा दारे-खिडक्या लावून घेणे आणि सूर्यास्तानंतर त्या सताड उघडणे हितावह ठरते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’तही कोरड्या आणि दमट हवामानातला भेद दिसतो : उघडता येणाऱ्या झडपांचे किमान क्षेत्रफळ उष्ण-दमट प्रदेशात चटईक्षेत्राच्या एक षष्ठांश, तर उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश असावे, असे ती सांगते.

गैरसमज : आतून जाड पडदा लावला की ऊन अडते.
वस्तुस्थिती : काचेतून आत आलेले ऊन पडद्याला तापवते आणि त्यातील बरीच उष्णता खोलीतच राहते, म्हणून सावली खिडकीबाहेर हवी. दक्षिणेकडील उंच सूर्य छज्ज्याने अडतो, परंतु सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य छज्ज्याखालून आत शिरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिमेला पडवी, बांबूची चीक किंवा झाडच उपयोगी पडते.

गैरसमज : सिमेंटचा गिलावा आणि पत्र्याचे छप्पर म्हणजे जुन्या घराची सुधारणा.
वस्तुस्थिती : मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते, सिमेंटच्या घट्ट थराखाली ही ओल कोंडते, गिलावा सुटतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिला माती वा चुन्याचाच गिलावा मानवतो. माळवदात तुळयांवर काटक्या वा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. त्याजागी आलेला उघडा पत्रा उन्हात लगेच तापतो आणि ती उष्णता थेट खोलीत फेकतो. पत्रा आधीच बसलेला असेल, तर वरून पांढरा परावर्तक रंग आणि खाली हवेची पोकळी सोडून बसवलेले छत यांनी मोठा फरक पडतो.

उन्हाळ्यात दिवसभरातील सर्वाधिक ऊन छतावर पडते. म्हणून मर्यादित खर्चात प्रथम छत, मग पश्चिमेची सावली आणि त्यानंतर वाऱ्याची वाट, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. घर पाडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हे उपाय करून पाहणे वीज आणि पैसा या दोहोंच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे.