रस्त्यावरून दिसणारे सिनेगॉग

अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनेगॉगमध्ये पाऊल टाकले की नजर आधी मेणबत्त्यांकडे जाते. मुख्य प्रार्थनागृहात आजही वीज नाही. लागतील तेव्हा पितळी झुंबरांत आणि बाकांवर सुमारे हजार मेणबत्त्या पेटवल्या जातात. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते. ती बुटांची धूळ आणि ओल टिपते, पावलांचा आवाजही गिळते. हे सगळे मन भरून पाहावे असेच आहे. पण या वास्तूचे खरे मोल कळायला हवे असेल, तर आत जाण्याआधी क्षणभर रस्त्यावर थांबून तिची उंची पाहिली पाहिजे.

ही इमारत १६७५ मध्ये उभी राहिली. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ज्या ज्यूंवर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादला गेला, त्यांच्या वंशजांनी ती बांधली. इन्क्विझिशनच्या, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाच्या, भीतीने त्यांच्या पूर्वजांना दारे लावून, चोरून आपला धर्म जपावा लागला होता. इथे मात्र वास्तुरचनाकार एलियास बाऊमनने त्यांच्यासाठी उंच खिडक्यांची, भर वस्तीत लांबूनही नजरेत भरेल अशी वास्तू बांधली. ही मोकळीक केवढी मोठी होती, हे त्याच शहरातल्या कॅथलिकांकडे पाहिले की समजते. त्यांच्या उघड उपासनेवर बंदी होती. म्हणून १६६३ मध्ये एका घराच्या माळ्यावर चर्च सजले. बाहेरून ते चारचौघांसारखे घरच दिसे.

यावर कोणी म्हणेल की ही कसली सहिष्णुता, हा तर व्यापारी शहराचा हिशेब. आक्षेप खोटा नाही. बहुतेक कारागीर संघांची दारे ज्यूंना बंद होती आणि समान नागरी हक्क मिळायला १७९६ साल उजाडावे लागले. पण म्हणून या उंचीचे महत्त्व उणावत नाही. हक्क अपुरे असतानाही एका समाजाने आपले अस्तित्व लपवायचे नाही असे ठरवले आणि शहराने ते मान्य केले, एवढे ती नक्की सांगते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच सिनेगॉगलगतच्या चौकात नाझींनी ज्यू तरुणांची धरपकड केली. त्याविरुद्ध शहरातल्या कामगारांनी संप केला, तो चिरडला गेला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांतले १,०२,००० हून अधिक मारले गेले. इमारत वाचली, बहुतेक माणसे वाचली नाहीत. मग तिच्या दिमाखाचे कौतुक कशाला? याचे उत्तर असे की, ही वास्तू म्हणजे सुखान्त गोष्ट समजून पाहणे चूकच आहे. मिळालेली मोकळीक कायद्याने आणि शेजाऱ्यांनी सतत राखावी लागते, नाहीतर ती बघता बघता हिसकावली जाते, हे त्या चौकात उभे राहिले की कळते.

आजही इथे प्रार्थना होते. म्हणूनच शनिवारी, शब्बाथ या ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र दिवशी, पर्यटकांना प्रवेश नसतो. लांबून आलेल्याचा त्या दिवशी हिरमोड होईल. पण ज्यांच्या पूर्वजांना प्रार्थना लपवण्यासाठी दार लावावे लागे, ते आज प्रार्थनेच्या मानासाठी दार लावतात. त्या बंद दारासमोर दोन मिनिटे थांबणे हीसुद्धा या सिनेगॉगची भेटच आहे.