खर्जाची नवी उपासना

'डीजे' हीं दोन अक्षरें कानीं पडतांच आमच्या बहुतेक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, आणि ती अकारण नाहीं. लग्नसराईंत वा गणेशविसर्जनाच्या दिवशीं ती पेट्यांची भिंत रस्त्यावरून जाऊं लागली, म्हणजे फडताळांतील भांडीं नाचूं लागतात, तान्हीं मुलें दचकून उठतात आणि म्हातारीं माणसें छातीवर हात ठेवून बसतात. आमच्या बीड जिल्ह्यांत तर ट्रॅक्टरवर रचलेल्या त्या पेट्यांनाच लोक डीजे म्हणतात. वस्तुतः हा शब्द माणसाचा आहे. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजविणारा; एक गाणें सरण्यापूर्वीं त्याच लयींत दुसरें असें मिसळून देणारा कीं, मधला सांधा कोणास कळूं नये. अशा एका माणसाविषयीं, आणि त्यास अचानक भेटलेल्या 'डबस्टेप' नामक संगीताविषयीं आज लिहावयाचें आहे.

हें संगीत दक्षिण लंडनमधील क्रॉयडन या उपनगरांत १९९९ ते २००२ च्या सुमारास आकारास आलें. तेथें 'बिग ॲपल' नांवाचें तबकड्यांचें एक दुकान होतें. त्या दुकानांत रेंगाळणाऱ्या पोरांपैकीं स्क्रीम व बेंगा हे दोघे पुढें नांवारूपास आले. २००५ सालीं ब्रिक्स्टन येथें, एका चर्चच्या इमारतींतील सभागृहांत, 'डीएमझेड' या नांवानें या संगीताच्या बैठकी सुरू झाल्या; खर्जाच्या भारावर ध्यान करावयास या, अशा अर्थाचें त्यांचें निमंत्रण असे. या संगीताचें आजोळ मात्र जमेका बेटांत आहे. किंग्स्टन शहरीं किंग टबी नांवाचा एक रेडिओदुरुस्ती करणारा कारागीर होता. त्यानें १९७० नंतरच्या वर्षांत तयार गाण्यांतून गायकाचा आवाज काढून टाकून नुसते ताल व खर्ज शिल्लक ठेवण्याची युक्ति काढली. तेंच 'डब'. जमेकांतून लंडनला येऊन राहिलेल्या कुटुंबांबरोबर तें तेथें पोहोंचलें.

आतां त्याचें अंतरंग पाहूं. मिनिटास सुमारें १४० मात्रा, म्हणजे लय चांगलीच द्रुत. परंतु चारांपैकीं तिसऱ्या मात्रेवरच काय तो ठसठशीत आघात, त्यामुळें ऐकणारास चाल निम्म्या गतीची, ठाय वाटते. खालचा स्वर इतका मंद्र कीं, तो कानापेक्षां छातीस अधिक कळतो. हा स्वर स्थिर नसतो. हेलकावे खात राहतो. त्याची ओळख आमच्या वाचकांस आधींच आहे. नंदीबैलवाला दाराशीं येऊन गुबगुबीच्या कातड्यावर कांठी घांसतो, तेव्हां जो घुमारा निघतो, त्याच जातीचा हा हेलकावा. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून जो घिस्सा काढतो, तोही याचा सख्खा भाऊ.

येथें आम्हांस शार्ङ्गदेवाचें स्मरण होतें. तेराव्या शतकांत यादवराजा सिंघण याच्या आश्रयास, आमच्या शेजारच्याच देवगिरीवर, त्यानें 'संगीतरत्नाकर' रचिला. नादाचीं तीन स्थानें सांगतांना तो मंद्राचें स्थान हृदय, मध्याचें कंठ व ताराचें मूर्धा असें सांगतो. क्रॉयडनच्या पोरांनीं शार्ङ्गदेव वाचला नसेल. पण मंद्र छातींत राहतो, हें त्यांस निराळ्या वाटेनें उमगलें.

आमचा एक जुना विद्यार्थी अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यांत राहतो. वडिलांचा मंडप व लाऊडस्पीकर भाड्यानें देण्याचा धंदा त्यानें वाढविला. एके रात्रीं मोबाइलवर कांहीं शोधतां शोधतां त्यास डबस्टेप सांपडलें. "गुरुजी, आधीं वाटलं आपला स्पीकरच फाटला," असें तो सांगतो. मग महिनाभर दुसरें कांहीं ऐकलें नाहीं. एका गोंधळ्याची संबळ त्यानें ध्वनिमुद्रित केली, लॅपटॉपवर तिची लय १४० शीं जुळविली आणि खालीं तो डुलणारा खर्ज घातला. दोन गाणीं मिसळतांना काय संभाळावें लागतें, तें त्यानें आम्हांस समजावून दिलें. दुसऱ्या गाण्याचा खर्ज वर आणण्यापूर्वीं पहिल्याचा खर्ज उतरवावाच लागतो, नाहीं तर दोन्ही एकमेकांत घोटाळून नुसता चिखल होतो. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, तसें.

वरातींत त्यानें तें प्रथम वाजविलें. या संगीतांत मोठा आघात येण्यापूर्वीं क्षणभर सर्व कांहीं थांबतें. समेपूर्वींच्या विरामाप्रमाणें तो क्षण फार मोलाचा. परंतु तेवढ्यांत नवरदेवाचा मामा ओरडला, "मशीन बंद पडलं का रे?" पुढें पुन्हां सिनेमाचेंच गाणें लावावें लागलें. लोकांस हें रुचणारच नाहीं, असें मात्र नव्हे. उद्यन सागर, ज्यास तरुण मंडळी 'न्यूक्लिया' म्हणतात, त्यानें डबस्टेपचा हाच खर्ज आपल्याकडील रस्त्यावरच्या ठेक्यांशीं जोडला, आणि २०१५ सालीं आपला 'बास रानी' हा संग्रह मुंबईच्या गणपतीच्या मिरवणुकींत गर्दीपुढें वाजविला.

तरीही वडीलधाऱ्यांची तक्रार उरतेच, आणि तींत तथ्य आहे. पन्नास हर्ट्झच्या एका ध्वनिलहरीची लांबी सुमारें बावीस फूट भरते. असल्या लहरीस खिडकी लावून घेऊन अडवितां येत नाहीं. भिंत तिला फारसा विरोध करीत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास एरवीं बंदी आहे. पेट्यांच्या भिंतीसमोर त्या आंकड्यांची काय कथा! खर्ज ऐकूं येण्यास शक्ति लागते हें खरें. पण बंदिस्त सभागृहांतील शंभर माणसांस पुरणारा खर्ज आणि पेठेवरून फिरविलेला खर्ज, यांत तानपुरा व तोफ यांच्याइतकें अंतर आहे. घरांतील नातवास डबस्टेप आवडत असेल, तर हा भेद त्याच्याशीं शांतपणें बोलावा. सरसकट 'हा धांगडधिंगा बंद कर' म्हटल्यानें तो कानांत बोंडें घालून तेंच अधिक मोठ्यानें ऐकेल.

आमच्या विद्यार्थ्यास हें कोणी वेळेवर सांगितलें नाहीं. आठ लग्नसराया त्यानें पेट्यांपासून दोन हातांवर उभें राहून काढल्या. आज तिशीही गांठली नसतां त्याच्या उजव्या कानांत अखंड शिटी वाजते. मोठ्या आवाजानें कान बिघडतात ते बहुधा वरच्या स्वरांकडून. खालचे स्वर मागाहून जातात. त्यामुळें खर्ज त्यास अजून उत्तम ऐकूं येतो, किंबहुना छातीनें कळतो. गेल्या मार्गशीर्षांत तो भेटला, तेव्हां कानांत रबराचीं बोळीं होतीं, आणि चारांतल्या दोन पेट्या विकल्याचें त्यानें सांगितलें. संबळेवरचें काम चालूच आहे. गोंधळ्याच्या झांजेचा आवाज नीट बसला कीं नाहीं, एवढें मात्र तो आतां धाकट्या बहिणीस विचारतो.