रहाटणीच्या नळामागचा डोंगर

रहाटणीत सकाळी नळाला येणारं पाणी बहुतांशी मावळातलं. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून ते उपसतात, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात आणि मग ते आपापल्या सोसायटीच्या टाकीत पडतं. म्हणजे धरण ते रावेत एवढ्या पट्ट्यात पिंपरी-चिंचवडची जलवाहिनी म्हणजे चक्क नदी! हेच पाणी थेट धरणातून बंद नळाने आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि आंदोलक शेतकऱ्यांपैकी तिघांचा जीव गेला. पवनेच्या पाण्याबद्दल लिहायचं तर ही तारीख ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता त्या पाण्यामागच्या डोंगराकडे जाऊ.

थोरला कोण?

डोंगर, दुर्मीळ वनस्पती, जैवविविधता असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. पण वयाने सह्याद्री थोरला. आपला काळा पाषाण ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. भारताचं भूखंड आशियाला धडकून हिमालय वर यायला लागला तो साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, आणि तो अजून वाढतोच आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली, राधानगरी.

वाघजाईचं रान

पवना धरणाच्या बाजूला, मावळातच आजिवली नावाचं गाव आहे. तिथे वाघजाईची देवराई आहे आणि त्या देवराईत भेर्ली माड. हे झाड एकदा तरी जवळून बघावं. पानं माशाच्या परासारखी फाटलेली, आणि खोडावरून लोंबणारे फुलांचे लांबच लांब झुबके. माड आधी शेंड्याला फुलतो, मग एकेक पेर खाली उतरत जातो. सगळ्यात खालचा झुबका फळला की झाड मरतं. फळं हाताला लागली तर खाज सुटते, पण उदमांजराला त्याचं काही नाही. ते ती चवीने खातं आणि बिया रानभर पेरतं.

या माडाची माडी गावकरी काढतात. देवराई म्हणजे पाय ठेवायचा नाही, पान तोडायचं नाही, असा समज असतो. आजिवलीत झाड उभं ठेवून त्याचा रस घेतला जातो. कुऱ्हाड चालवायची नाही, हा देवीचा धाक आणि माडीची कमाई, अशा दोन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदतात. मला तरी जंगल राखण्याचा याहून पक्का करार दिसलेला नाही.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया धुंडाळत होते. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी त्यांना गाठलं आणि आमची राई तोडायला काढली आहे, वाचवा, असं साकडं घातलं. देवाच्या भीतीपोटी लोक बोलावत असतील, असं वाटावं. गावकऱ्यांनी सांगितलेलं कारण निराळंच होतं. राई गेली तर ओढा आटेल. राई वाचली.

फळ की मूळ?

दिवाळीच्या उटण्यात, केसांच्या तेलात जटामांसी असते. ती हिमालयात ३,००० मीटरच्या वर उगवते आणि औषधात लागतं ते तिचं मूळ. मूळ काढलं की रोप गेलं. जगातल्या संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत जटामांसी आज सर्वांत धोक्याच्या वर्गात आहे. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गाचं दुखणं तर फार जुनं. या आठ वनस्पती राजेलोकांनाही मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी शतावरी, अश्वगंधा, विदारीकंद वगैरे वापरा, असं सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनीच भावप्रकाशात सांगून ठेवलं आहे. टंचाई आणि तिच्यावरचा पर्याय, दोन्ही चारशे वर्षांपूर्वीचे!

याउलट आपला हिरडा. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं तो गोळा करतात. बी कडक व्हायच्या आत कोवळी फळं उतरवायची, अंगणात वाळवायची. ती काळी, सुरकुतलेली झाली की बाळहिरडा तयार. झाड जागेवर राहतं, पुढच्या वर्षी पुन्हा फळतं. हिरड्याचा भाऊ बेहडा. त्याच्या जुन्या खोडातल्या ढोलीत धनेश पक्षी घर करतो. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि एवढ्याशा फटीतून नराच्या चोचीतला घास घेते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवून दिलं. झाडाला आणि त्यावर जगणाऱ्यांना धक्का न लावता फळं गोळा केली आणि गोळा करणाऱ्याला योग्य भाव मिळाला, तरच ते मिळतं. त्रिफळा चूर्णाच्या डबीवर ही खूण आहे का, हे बघून घेण्यासारखं आहे.

कारवीचीही तऱ्हा माडासारखीच: सात-आठ वर्षांनी एकदा सारा डोंगर जांभळा करायचा आणि मरून जायचं. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात.

   

कापसात गुंडाळलेला मासा

रहाटणीवरून पुढे गेलेली पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला. या मुळा-मुठेच्या पुण्याच्या पूर्वेकडच्या पात्रात सापडलेल्या महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं. टॉर खुद्री हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव. देहूला इंद्रायणीच्या डोहात मासे मारायचे नाहीत, हा दंडक जुना, पण नद्यांवर बांध पडले, पाणी नासलं आणि महसीर हटत गेला.

मग सत्तरच्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास सुरू केली. फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून लांबवर पाठवायची युक्ती तिथेच बसवली गेली. देशभरात बीज गेलं. २०१८ मध्ये हा मासा लाल यादीतल्या संकटग्रस्त वर्गातून बाहेर आला.

गोष्ट इथे थांबत नाही, आणि थांबवूही नये. हेच बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथला मूळचा पाठीवर कुबड असलेला महसीर पन्नास किलोंच्या पुढे जाणारा, आणि कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कुठेच नाही. आपल्या महसीरने त्याची जागा बळकावली. २०१८ मध्येच कावेरीचा हा महसीर नामशेष होण्याच्या काठावर असल्याचं जाहीर झालं. एका नदीचं वैभव दुसऱ्या नदीत उपरं ठरतं. म्हणूनच नदीत मासे सोडण्याचा कार्यक्रम ठरला की मासा कुठला, हे आधी विचारलं पाहिजे.

हिमालयावरून आलेले पाहुणे

आपलं पाणी पुढे भीमेतून उजनी धरणात जातं, नळाचंही आणि मोरीचंही. भिगवणजवळच्या त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस ७,२९० मीटर उंचीवर उडताना नोंदवले गेले आहेत. त्यांना आणि रोहितांना बघायला येणाऱ्यांना भिगवणचे मच्छीमार नावेतून फिरवतात. त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. जाळ्यात मात्र आता मुख्यतः चिलापीच येते. ती मूळची आफ्रिकेची, आणि घाण पाण्यातही तगणारी.

हे बदल टिपायची सोय आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि महापालिकेला स्थानिक लोकांच्या माहितीवरून जैवविविधतेची नोंदवही करावी लागते. पवनेत कुठले मासे होते आणि ते कधीपासून मिळेनासे झाले, हे नदीकाठच्या जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. नोंदवहीचं पहिलं पान त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं, आणि तेही लवकर.