कासदाह: ट्यूब सोडण्याआधी जंतू ओळखा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड, भीमा या नद्या आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. उसाच्या वाढ्यांवर आणि मक्याच्या मुरघासावर संकरित गाईंचे गोठेही वाढले. दौंडला लागून असलेल्या उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. संकरित गोपैदाशीच्या प्रसारात या संस्थेचा मोठा वाटा आहे. जिरायत गावांत मात्र आजही शेळीच घर चालवते. उसाचे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. घरखर्च चालतो तो दुधाच्या पगारावर.

हा पगार गुपचूप कमी करणारा आजार म्हणजे कासदाह. आपल्याकडे त्याला दगडी, काससुजी किंवा स्तनदाह असेही म्हणतात. कास सुजली, दुधात गाठी आल्या की आपण धावपळ करतो आणि मागच्या वेळी चाललेली ट्यूब पुन्हा सडात सोडतो. कधी ती लागू पडते, कधी पडत नाही. कासदाह करणारे जंतू अनेक प्रकारचे आहेत. त्यांची येण्याची वाट वेगळी आणि उपायही वेगळा. म्हणून आधी तपासणी, मग जंतूची ओळख आणि त्यानंतर औषध, हा क्रम पाळला तर खर्च वाचतो आणि सडही वाचते.

दिसणारा आणि न दिसणारा कासदाह

तीव्र कासदाहात कास गरम, लाल आणि कडक होते. दूध पाण्यासारखे, गाठींचे किंवा रक्तमिश्रित येते. जनावराला ताप येतो, ते खाणे सोडते. हा प्रकार कोणालाही ओळखता येतो.

सुप्त कासदाहात मात्र कास आणि दूध दोन्ही चांगले दिसतात. गाय खाते-पिते, रवंथ करते, फक्त दूध कमी देते. आपण त्याचे खापर चाऱ्यावर किंवा हवामानावर फोडतो. गोठ्यात कासदाहाची एक गाय दिसते, तेव्हा सुप्त आजाराच्या गाई सहसा त्याहून जास्त असतात. त्यांच्याकडून आजार बाकीच्या जनावरांत जात राहतो.

नुकसानीचा हिशेब घरीच मांडून पाहा. समजा, सुप्त कासदाहामुळे एका गाईचे दूध रोज दीड लिटरने घटले आणि दर लिटरला ३० रुपये आहे. दिवसाला ४५ रुपये, म्हणजे महिन्याला १,३५० रुपये गेले. अशा तीन गाई असतील तर महिन्याला ४,०५० रुपये. शिवाय या आजारात दुधातील लॅक्टोज कमी होते आणि एसएनएफ घसरते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर दर ठरत असल्याने उरलेल्या दुधालाही कमी भाव मिळतो.

गोठ्यात करायची तपासणी

सुप्त कासदाह ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटीस टेस्ट, म्हणजेच सीएमटी. ही चाचणी १९५७ मध्ये अमेरिकेत विकसित झाली. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढण्यासाठी शरीर दुधात पांढऱ्या पेशी पाठवते. निरोगी गाईच्या दुधात या पेशी साधारणपणे दर मिलिलिटरला दोन लाखांपेक्षा कमी असतात. पेशी वाढल्या की चाचणीचे द्रावण दुधाला चिकट करते.

१. धार काढण्यापूर्वी सड स्वच्छ पुसा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढा.

२. चार कप्प्यांच्या तबकडीत प्रत्येक सडाचे सुमारे दोन मिलिलिटर दूध घ्या. कोणत्या कप्प्यात कोणत्या सडाचे दूध आहे ते लक्षात ठेवा.

३. तेवढेच द्रावण घाला आणि तबकडी १० ते १५ सेकंद गोल फिरवा.

४. निकाल लगेच पाहा. मिश्रण पातळ राहिले तर कप्पा निरोगी. दाटसर झाले तर संशयित. मधोमध जेलीसारखा गोळा जमला तर आजार जास्त आहे.

सीएमटीचे द्रावण मिळाले नाही तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून, ते पाणी आणि दूध समप्रमाणात घेऊन प्राथमिक अंदाज घेता येतो. तपासणीनंतर हे दूध टाकून द्या आणि भांडी नीट धुवा.

गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि आटत आलेली असताना पेशी मुळातच जास्त असतात. त्या काळातील निकालावर निर्णय घेऊ नका. इतर सर्व दुभत्या जनावरांची महिन्यातून एकदा तपासणी करा आणि प्रत्येक सडाची नोंद वहीत ठेवा.

जंतू दोन वाटांनी येतात

पहिली वाट एका कासेतून दुसऱ्या कासेत जाणारी. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए हे जंतू आजारी कासेत राहतात. धार काढणाऱ्याचे हात, सगळ्या गाईंना वापरलेले एकच फडके किंवा दूधयंत्राचे कप यांतून ते पसरतात. हा आजार बहुतेक वेळा सुप्त राहतो आणि जास्त वेतांच्या गाईंत अधिक आढळतो.

दुसरी वाट गोठ्यातून कासेत जाणारी. ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि स्ट्रेप्टोकोकस युबेरिस हे जंतू शेण, चिखल आणि ओल्या अंथरुणात वाढतात. गाय ओल्या जागी बसली की ते सडाच्या तोंडाशी पोहोचतात. पावसाळ्यात आणि नुकत्याच व्यालेल्या, जास्त दुधाच्या गाईंत हा प्रकार वाढतो. ई. कोलायच्या विषामुळे गाय काही तासांत आडवी पडू शकते.

पहिल्या वाटेचे जंतू असतील तर फक्त गोठा धुऊन भागणार नाही, धार काढण्याची पद्धत बदलावी लागेल. दुसऱ्या वाटेचे असतील तर बसण्याची जागा कोरडी केल्याशिवाय कितीही ट्यूब सोडल्या तरी नवीन गाय आजारी पडतच राहील.

दुधाचा नमुना पाठवताना

नेमका जंतू आणि त्यावर चालणारे प्रतिजैविक प्रयोगशाळेतील तपासणीत कळते. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तर शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना कुठे आणि कसा पाठवायचा हे तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून घ्या.

नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वीच घ्यावा. हात धुवा, सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. पहिल्या धारा सोडून निर्जंतुक बाटली तिरकी धरून पाच ते दहा मिलिलिटर दूध घ्या. बाटलीच्या तोंडाला सड किंवा बोट लागू देऊ नका. गाईचा क्रमांक, सड आणि तारीख लिहा. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा. अहवालाला काही दिवस लागतात. मात्र तीव्र आजारात नमुना घेऊन ठेवा आणि पशुवैद्यकाकडून उपचार लगेच सुरू करा.

उपचार: काय करावे, काय टाळावे

स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए पेनिसिलिनला चांगला दाद देतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेच्या आत खोल घर करतो. गाय दुधात असताना तो पूर्ण बरा होणे अवघड असते. ई. कोलायमध्ये सडातील ट्यूबपेक्षा सलाइन, ताप-सूज उतरवणारी औषधे आणि वारंवार कास रिकामी करणे याला जास्त महत्त्व आहे. त्यामुळे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्या. घराजवळ सेवा हवी असल्यास १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.

बरे वाटले म्हणून डोस मध्येच थांबवू नका. अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या काळापर्यंत त्या गाईच्या कोणत्याही सडाचे दूध डेअरीला घालू नका आणि वासरालाही पाजू नका. अशा एका गाईच्या दुधाने संकलन केंद्रातील सगळे दूध खराब ठरू शकते.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक लेपाचाही प्रसार केला आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, थोडा भाग पाण्यात पातळ करून धुतलेल्या कासेवर दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावतात. ताप असेल किंवा गाय खात नसेल तर केवळ लेपावर अवलंबून राहू नका.

धारेच्या वेळचे नियम

- पहिलारू गाई आधी, मग निरोगी गाई आणि आजारी गाय सर्वांत शेवटी.
- प्रत्येक गाईसाठी वेगळे, कोरडे फडके किंवा कागद वापरा. ओल्या कासेची धार काढू नका.
- पहिल्या धारा काळे कापड बांधलेल्या कपात काढा. गाठी लगेच दिसतात. त्या धारा जमिनीवर सोडू नका.
- अंगठा मुडपून धार काढल्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने काढा.
- धार झाल्यावर प्रत्येक सड ०.५ टक्के आयोडीनच्या, सडांसाठीच तयार मिळणाऱ्या द्रावणात बुडवा.
- धार काढल्यानंतर सडाचे तोंड अर्धा ते एक तास उघडे राहते. त्या वेळी पुढ्यात चारा टाका, म्हणजे गाय उभी राहील.
- दूधयंत्राचे रबर लायनर वेळेवर बदला आणि व्हॅक्यूम तपासून घ्या.

मुक्त संचार गोठ्यात बसण्याची जागा उंच आणि निचऱ्याची ठेवा. उसाचे पाचट किंवा भुसा अंथरत असाल तर ते कोरडे हवे. ओल्या भुशात क्लेब्सिएला झपाट्याने वाढतो.

भाकड काळ ही मोठी संधी

विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवा. आटवण्याआधी चारही सडांची सीएमटी करा. आजारी सडांत भाकड काळासाठीची खास ट्यूब पशुवैद्यकाकडून सोडून घ्या. दुधात असताना न हटणारे जंतू या काळात औषधाला जास्त दाद देतात. तरीही एखादी गाय पुन्हा पुन्हा आजारी पडत असेल तर ती गोठ्यात ठेवणे बाकीच्यांसाठी महाग पडते.

शेळ्यांसाठी वेगळी काळजी

संगमनेरी, उस्मानाबादी किंवा गावठी, कोणतीही शेळी असो, दूध घटले की आधी करडे रोडावतात. करडू सारखे ढुसण्या देते, शेळी त्याला पिऊ देत नाही किंवा मागचा पाय आखडून चालते, ही पहिली खूण समजा.

शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात. त्यामुळे सीएमटीत मिश्रण किंचित दाट झाले म्हणून आजार समजू नका. दोन्ही सडांची तुलना करा. एका बाजूचे मिश्रण दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे दाट असेल तर ती बाजू संशयित.

कासेची एक बाजू थंड आणि निळी-काळी पडली तर तो सडका कासदाह आहे. यात शेळी एक-दोन दिवसांतही दगावू शकते, म्हणून पशुवैद्यकाला त्याच तासाला बोलवा. तिचे करडू दुसऱ्या निरोगी शेळीला लावू नका, कारण तोंडावाटे जंतू जातात. करडांना वेगळे दूध पाजा. कळपात कासदाहाबरोबर सांधे सुजणे आणि डोळे येणे दिसले तर मायकोप्लाझ्माचा संशय घ्या आणि नमुने तपासून घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात दहा-बारा गोठे निवडा. प्रत्येक दुभत्या जनावराची सडनिहाय सीएमटी करा. सोबत वेत, व्याल्याची तारीख, धारेची पद्धत आणि बसण्याची जागा एवढेच नोंदवा. संशयित सडांपैकी काहींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. आजार जुन्या वेतांच्या गाईंत जास्त असेल तर धारेच्या सवयींकडे पाहा. नुकत्या व्यालेल्या गाईंत असेल तर गोठ्याच्या ओलीकडे पाहा. प्रयोगशाळेचा अहवाल आला की हा अंदाज पडताळा आणि गावात एकाच नेमक्या बदलावर भर द्या. तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. आकडे कमी झाले तर शेतकऱ्याला पटवून सांगण्याची वेगळी गरज उरत नाही.

सुरुवात या आठवड्यात करता येईल. गोठ्यातील प्रत्येक सडाची एक तपासणी करा, वहीत नोंद करा आणि आजपासून आजारी जनावराची धार शेवटी काढा.