नोंदींचा अवरोध

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वडोदऱ्यातील आमच्या रुग्णालयाचा लिनक्स संगणक थिजला. नुकत्याच दाखल झालेल्या रुग्णाच्या औषध-ॲलर्जीची नोंद त्यातच होती. संगणक बंद पडलेला नव्हता. नेटवर्कवरून पिंग केल्यास उत्तर येई. परंतु नाव व पासवर्ड दिला की पडदा स्तब्ध! अखेर रुग्णाच्या घरून जुनी फाईल मागवावी लागली.

पहाटे अभियंत्याने कारण सांगितले तेव्हा मला मूत्रावरोधच आठवला. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी रचलेली 'सिसलॉग' ही सेवा साऱ्या प्रोग्रामांच्या नोंदी स्वीकारते. आमच्याकडील सेवा त्या पुढे दुसऱ्या संगणकाकडे धाडीत असे. तो बंद पडला आणि ही त्याची वाट पाहत बसली. मधला साठा तुडुंब भरला. नोंद करू पाहणारा प्रत्येक प्रोग्राम तिष्ठत राहिला. लॉगिनचाही, कारण तो आधी नोंद करतो, मग दार उघडतो. अडथळा खाली, सूज मूत्रपिंडाला.

सुदैवाने एका टर्मिनलवर व्यवस्थापकाचे लॉगिन आधीपासून उघडे होते. तेथून सेवा पुन्हा सुरू करताच संगणक हलला. साठा भरल्यास नोंदी टाकून देण्याची मुभा आता तिला दिली आहे. ॲलर्जी मात्र मी केसपेपरवर लाल शाईने लिहितो.