जमातीचे राज्य आणि नोकरीचा अर्ज

१९७२ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लीच लेक या राखीव प्रदेशात राहणाऱ्या, चिपेवा या मूळ रहिवासी जमातीतील एका कुटुंबाच्या हाती आयटास्का कौंटीच्या कचेरीकडून कराचे एक बिल पडले. रक्कम १४७ डॉलर ९५ सेंट, आणि जे घर पाहून ती आकारली होती ते म्हणजे कारखान्यात तयार होऊन गाडीमागून ओढत आणलेले एक साधे निवासस्थान. हा कर वसूल करण्याचा अखत्यार राज्याला मुळात आहे काय, एवढाच सवाल त्या कुटुंबाने न्यायालयापुढे ठेवला. मिनेसोटाच्या न्यायालयांनी कौल राज्याच्या बाजूने दिला. परंतु १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय केला की, १९५३ च्या कायद्याने अशा प्रदेशांतील दिवाणी तंटे ऐकण्याची मुभा राज्यांना मिळाली असली, तरी तेथील लोकांवर कर बसविण्याची आणि त्यांच्या व्यवहारांना नियम लावण्याची सत्ता काही त्याबरोबर मिळालेली नाही.

दीडशे डॉलरांच्या आतल्या त्या बिलातून पुढे जे उभे राहिले त्याची कल्पना त्या कुटुंबाला असणे शक्य नव्हते. राज्याला नियमन करता येत नसेल, तर बक्षिसाची रक्कम किती असावी याविषयीचे राज्याचे नियमही जमातीच्या भूमीवर लागू होणार नाहीत, हे ओळखून फ्लोरिडातील सेमिनोल जमातीने १९७९ साली हॉलिवूड या गावी मोठ्या बक्षिसांचे बिंगोगृह उघडले. कॅलिफोर्नियात काबाझोन आणि मोरोंगो या दोन जमातींनी तोच मार्ग धरला; त्यांपैकी काबाझोन जमातीची सभासदसंख्या पंचविसाच्या घरात होती. त्यांच्या जमिनीत उपसण्याजोगी खनिजसंपत्ती नव्हती आणि जमातीच्या कारभाराला खेळांखेरीज दुसरे उत्पन्न नव्हते, याची नोंद घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांचा पक्ष मान्य केला, आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, इंडियन म्हणजे या मूळ रहिवाशांच्या जुगाराचे नियमन करणारा कायदा संमत केला. ज्या कॅसिनोत पत्त्यांचे आणि यंत्रांचे सर्व खेळ चालतात तो काढण्यापूर्वी जमातीने राज्याशी करारनामा करावा, निव्वळ नफा जमातीचा कारभार आणि लोककल्याण अशा ठरावीक कारणांसाठीच खर्चावा, जबाबदारीच्या जागांवरील नोकरांची पूर्वपीठिका तपासूनच त्यांना परवाना द्यावा, ही त्या कायद्याची मुख्य कलमे होत. २०२३ च्या आर्थिक वर्षात या जुगारगृहांचे एकूण उत्पन्न ४,१९० कोटी डॉलरांवर गेले होते.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कॅसिनो म्हटले की पणजीला मांडवीत नांगरलेली जहाजे येतात, आणि ती आठवण येथे थोडी बाजूला ठेवणे अवश्य आहे. कारण तेथे सरकार परवाना देते आणि धंदा खाजगी कंपनी करते, तर अमेरिकेतील या कॅसिनोत धंद्याचा मालक हेच एक सरकार असते. राखीव प्रदेशाला तेथे लावतात त्या 'रिझर्वेशन' या शब्दानेही आपली फसगत होते. आपण आरक्षण म्हणतो ते जागांचे असते. तेथे तो शब्द भूमीचा वाचक आहे, तहनामे करून आणि पुष्कळदा ते मोडून आकुंचित होत गेलेल्या मुलखातून जमातींकडे उरलेल्या भूमीचा. १८३१ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी चेरोकी जमातीच्या खटल्यात या समाजांना देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे अशी संज्ञा दिली. परराष्ट्रव्यवहार हातून गेला असला तरी अंतर्गत कारभार जमातीचाच राहतो, असा तिचा आशय. आणि आपल्याकडच्या जुन्या संस्थानांची स्थिती ज्यांनी वाचली आहे त्यांना तो समजण्यास फारसे प्रयास पडू नयेत. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या अशा जमाती आज पावणेसहाशेच्या आसपास आहेत.

राष्ट्र म्हटले की त्यामागोमाग सार्वभौम उन्मुक्ती येते, म्हणजे राजसत्तेवर तिच्या स्वतःच्या संमतीवाचून दावा लावता येत नाही हे तत्त्व येते. जमातींना ते किती दूरवर लागू आहे हे ओक्लाहोमातील कायोवा जमातीच्या खटल्यात दिसले. १९९० साली त्या जमातीने विमानव्यवसायातील एका कंपनीचे भाग विकत घेण्यासाठी २ लाख ८५ हजार डॉलरांची वचनचिठ्ठी लिहून दिली, आणि जमातीच्या सार्वभौम हक्कांना या दस्तऐवजाने बाध येत नाही अशी ओळही तीत घातली. पैसे थकले, सावकार न्यायालयात गेला, आणि १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला रिकाम्या हाताने परत पाठविले: व्यवहार धंद्याचा असो की कारभाराचा, राखीव प्रदेशाच्या आत झालेला असो की बाहेर, जमातीवर दावा चालत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती केनेडी यांनी त्याच निकालात या तत्त्वाच्या शहाणपणाविषयी शंका प्रकट केली, हे तत्त्व जवळजवळ अपघातानेच रूढ झाले असे नमूद केले आणि त्यात बदल करणे न करणे काँग्रेसवर सोपविले. काँग्रेसने बदल केला नाही. २०१४ साली मिशिगन राज्याने बे मिल्स जमातीवर आणलेल्या दाव्यात, राखीव प्रदेशापासून सव्वाशे मैलांवर काढलेल्या कॅसिनोच्या बाबतीतही, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तेच तत्त्व टिकून राहिले.

ही उन्मुक्ती म्हणजे श्रीमंत जुगारगृहांनी उकळलेली सवलत आहे, असा आक्षेप अमेरिकेत वारंवार घेतला जातो, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. पाचपन्नास किंवा पाचसातशे माणसांच्या राज्याची तिजोरी एका खटल्याच्या हुकूमनाम्याने रिती होऊ शकते, आणि ती रिती झाली म्हणजे शाळा, दवाखाना आणि पाण्याची योजना एकदमच बंद पडते. कारण ज्या भूमीवर केंद्र सरकारची विश्वस्तदारी आहे त्या भूमीवर मालमत्ताकर बसवून उत्पन्न काढण्याचा मार्ग जमातीला सहसा मोकळा नसतो. संस्थाने गेली, त्यांचे तनखेही गेले. परंतु हे समाज दोन शतकांच्या हालअपेष्टांतून राज्य म्हणून जिवंत राहिले आहेत, आणि ज्या थोड्या साधनांनी ते जिवंत राहिले त्यांत हे एक आहे.

कॅसिनोतील नोकरीचा अर्ज हातात घेतला तर दुसरा प्रश्न सामोरा येतो. नाव, पत्ता आणि शिक्षण यांच्या जोडीला, उमेदवार अग्रक्रम मागत आहे काय, मागत असल्यास कोणत्या जमातीचा नोंदणीकृत सभासद आहे, आणि त्याचा दाखला जोडला आहे काय, अशी विचारणा तेथे असते. हा क्रम जमातीच्या स्वतःच्या कायद्याने ठरतो आणि तो सर्वत्र सारखा नसला तरी सामान्यतः असा असतो: आधी त्या जमातीचे सभासद, मग पुष्कळ ठिकाणी सभासदांचे पती किंवा पत्नी, त्यानंतर मान्यताप्राप्त अशा अन्य जमातींचे लोक, आणि शेवटी उरलेले सर्व. निजामी राज्यातील मुलकी-गैरमुलकीचा वाद मराठवाड्यातील ज्या घरांत अजून आठवणीत आहे, तेथे या विचारणेचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

या अग्रक्रमाला जुना आधार आहे. १९३४ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या इंडियनविषयक खात्यातील जागांवर इंडियन लोकांना प्राधान्य दिले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली, तेव्हा मालक या शब्दाच्या व्याख्येतूनच जमातींना वगळले, आणि राखीव प्रदेशात किंवा त्याच्या लगत धंदा करणाऱ्या खाजगी मालकांनाही तेथल्या इंडियनांना प्राधान्य देण्याची मोकळीक ठेवली. त्या खात्यातील काही बिगर-इंडियन नोकरांनी हा वंशभेद आहे अशी फिर्याद केली, तेव्हा १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, हे प्राधान्य वंशाचे नसून राजकीय स्वरूपाचे आहे. ज्या खात्याचा अंमल या लोकांच्या जीवनावर चालतो ते चालविण्यात त्यांचा हात असावा, म्हणून निमसार्वभौम समाजांच्या सभासदांना ते दिलेले आहे. 'मॉर्टन विरुद्ध मन्कारी' या नावाने तो निकाल ओळखला जातो आणि या विषयाचा सगळा डोलारा आजही त्यावर उभा आहे. खात्याच्या त्या वेळच्या नियमात सभासदत्वाबरोबर एकचतुर्थांश इंडियन रक्ताची अटही होती, ही गोष्ट मात्र निकालाच्या एका तळटीपेत राहून गेली, आणि त्यावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप याच ठिकाणी बोट ठेवतात.

अग्रक्रम आणि उन्मुक्ती ही दोन्ही एका जागी आली म्हणजे काय होते, हे सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा खटला कॅसिनोचा नसून ॲरिझोनातील एका विद्युत्केंद्राचा आहे. पेज गावाजवळचे हे कोळशाचे केंद्र नवाहो जमातीच्या भूमीवर होते, आणि ते चालविणाऱ्या संस्थेने १९६९ साली जमातीशी केलेल्या भाडेपट्ट्यात नवाहो लोकांना नोकरीत प्राधान्य देण्याचे कलम होते. १९९१ साली प्रशिक्षणार्थी चालकांच्या सात जागा निघाल्या. नवाहो प्रदेशाच्या हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहणाऱ्या एका उमेदवाराने चाचणी दिली, आणि पहिल्या वीस जणांत त्याचा क्रमांक नववा आला. तरीही त्याला मुलाखतीला बोलावले नाही, कारण तो नवाहो नव्हता आणि नवाहो स्त्रीशी विवाहित नव्हता. तो होपी होता. ज्यांचा प्रदेश चहूबाजूंनी नवाहो प्रदेशाने वेढलेला आहे आणि जमिनीवरून ज्यांचा नवाहोंशी पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालत आला आहे, त्या होपींपैकी एक. गोऱ्या माणसाने इंडियनांच्या प्राधान्याविरुद्ध केलेली तक्रार ही नव्हे. एका इंडियनाला दुसऱ्या इंडियनांच्या प्राधान्याने दाराबाहेर ठेवले होते.

त्याने दावा आणला तो विद्युत्केंद्र चालविणाऱ्या संस्थेवर. १९९८ साली अपील न्यायालयाने म्हटले की, कायद्याने मुभा दिली आहे ती इंडियनांना म्हणून प्राधान्य देण्याची, एकाच जमातीला देण्याची नव्हे. तेव्हा हा राष्ट्रीय मुळावरून केलेला भेदभाव ठरू शकतो. येथवर तो जिंकत होता. परंतु २००२ साली त्याच न्यायालयाने असा विचार केला की, भाडेपट्टा नवाहो जमातीशी झालेला असल्यामुळे तिला पक्षकार केल्यावाचून त्याचे कलम मोडता येणार नाही. जमातीला तर उन्मुक्तीमुळे पक्षकार करता येत नाही. म्हणून दावाच चालू शकत नाही, आणि तो काढून टाकण्यात आला. पुढे समान रोजगार संधीचा केंद्रीय आयोग अशाच कलमाविरुद्ध एका कोळसा कंपनीवर गेला. केंद्र सरकारपुढे जमातीची उन्मुक्ती चालत नाही, म्हणून ती अडचण तेथे टळली. तथापि २०१४ साली न्यायालयाने एका जमातीपुरते प्राधान्य हेही राजकीय स्वरूपाचेच, म्हणून वैध ठरविले.

तत्त्वाच्या दृष्टीने हा शेवटचा निकाल मला बरोबर वाटतो. नवाहोंनी आपली जमीन, पाणी आणि हवा अशा धंद्यांना दिली. त्या मोबदल्यात आपल्या मुलांना काम मागणे यात गैर काय? पण मागे राहणारा प्रश्न प्राधान्याचा नव्हे, तक्रारीच्या जागेचा आहे. कॅसिनोत तो रोज उभा राहतो. तेथे काम करणारांत जमातीबाहेरच्या लोकांचा भरणा पुष्कळ ठिकाणी मोठा असतो. त्यांच्यापैकी कोणाला बडतर्फ केले, किंवा अग्रक्रमाचे निमित्त सांगून व्यवस्थापकाने आपल्या मर्जीतला माणूस पुढे केला, तर केंद्राचा कायदा त्या मालकाला मालकच समजत नाही आणि राज्याच्या न्यायालयात उन्मुक्ती आड येते. कॅसिनो हे जमातीचेच अंग आहे असे २००६ साली कॅलिफोर्नियातील एका बडतर्फ नोकराच्या खटल्यात अपील न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

यावर ज्या वाटा निघाल्या आहेत त्यांतील काही बाहेरून आल्या. २००७ साली सॅन मॅन्युएल जमातीच्या कॅसिनोला केंद्राचा कामगार-संबंधांचा कायदा लागू असल्याचे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ठरविले, आणि जमातींना तो आपल्या कारभारातील हस्तक्षेप वाटला. कॅलिफोर्नियाने १९९९ च्या करारनाम्यांत वेगळी रीत अवलंबिली: कॅसिनोतील नोकरीत भेदभावाला बंदी करणारे नियम जमातीने स्वतः करावेत, अडीचशे किंवा अधिक नोकर असतील तेथे संघटनेचा हक्क मान्य करणारा कायदाही करावा, आणि इंडियनांना प्राधान्य देण्याची तिची मुभा मात्र अबाधित राहावी. कनेक्टिकटमधील मोहीगन जमातीने तर कॅसिनोसंबंधीच्या तंट्यांसाठी आपल्या घटनेनुसार स्वतंत्र न्यायालय स्थापिले. त्या जमातीच्या कॅसिनोची पाहुण्यांना पोचविणारी मोटार २०११ साली महामार्गावर एका दांपत्याच्या गाडीवर मागून आदळली, तेव्हा त्यांनी जमातीवर न जाता चालकावर व्यक्तिशः दावा केला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोकराच्या वैयक्तिक चुकीला जमातीच्या उन्मुक्तीचा आडोसा मिळणार नाही.

या वाटांपैकी जमातीच्या स्वतःच्या न्यायालयाची वाट मला सर्वांत आदराची वाटते, कारण तीत राजसत्ता कोणापुढे वाकत नाही आणि फिर्यादीलाही आपले म्हणणे मांडायला जागा मिळते. मात्र ते न्यायालय जमातीच्या मंडळापासून खरोखर स्वतंत्र असले पाहिजे, आणि जमातीबाहेरच्या माणसाला तेथे जाण्याची वाट नोकरीवर रुजू होतानाच लेखी सांगितलेली असली पाहिजे. जेथे असे नाही तेथे उन्मुक्तीचा उपयोग व्यवस्थापकाच्या लहरीला झाकण म्हणून होतो, आणि त्याचा कलंक मिनेसोटातील त्या कराच्या बिलापासून जे लोक हक्कासाठी झगडत आले त्यांच्या नावाला लागतो.

पेजचे विद्युत्केंद्र २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाले, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या तिन्ही उंच चिमण्या सुरुंग लावून पाडण्यात आल्या. चाचणीत नवव्या आलेल्या उमेदवाराला मुलाखतीला बोलवायला हवे होते की नाही, याचा निवाडा त्याच्या दाव्यात झालाच नाही.