ब्रोका-क्षेत्र आणि मराठी प्रत्यय

मेंदूच्या बाह्यकातील ज्या प्रदेशास ब्रोका-क्षेत्र म्हणतात, त्याचा उल्लेख ‘वाणीचे केंद्र’ असा करण्याचा प्रघात आहे. हे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे, आणि मराठीभाषी रुग्णाची परीक्षा करताना ते दिशाभूल करणारे ठरू शकते.

प्रथम रचनेचा विचार केला पाहिजे. डाव्या गोलार्धाच्या ललाटखंडात एकाखाली एक अशा तीन आडव्या वळ्या असतात. त्यांपैकी सर्वांत खालच्या वळीचा मागील भाग म्हणजे ब्रोका-क्षेत्र होय. ब्रॉडमान याने पेशींच्या थरांवरून १९०९ मध्ये बाह्यकाचा जो नकाशा सिद्ध केला, त्यातील ४४ व ४५ क्रमांकांचे प्रदेश येथे येतात. त्यांच्या मागील बाजूस ओठ व जीभ यांच्या हालचालींचे नियमन करणारा पट्टा लागतो, तर पृष्ठाखालून जाणारी तंतूंची जुडी या क्षेत्रास शंखखंडाशी जोडते. रोहिणीच्या ज्या शाखेतून येथे रक्त पोहोचते, तीच शाखा चेहरा व हात चालविणाऱ्या भागासही रक्त पुरविते. म्हणूनच उजवा हात लुळा पडणे व वाचा खुंटणे या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात.

पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका याने १८६१ मध्ये लबोर्न्य नावाच्या रुग्णाचे शवविच्छेदन केले. हा रुग्ण ‘तां’ या एका अवयवाखेरीज फारसे काही उच्चारू शकत नसे. बोललेले मात्र त्यास बरेचसे समजत असे. तेव्हापासून हे क्षेत्र वाणीचे अधिष्ठान मानले गेले. परंतु त्याच जतन केलेल्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा इजा बरीच खोलवर, तंतूंच्या जुड्यांपर्यंत गेल्याचे दिसले. केवळ या क्षेत्रापुरती इजा झाल्यास वाचा बहुधा काही काळाने परत येते, हे मोर याने १९७८ मध्येच दाखविले होते. पुढे २०१५ मध्ये बाह्यकाच्या पृष्ठावरून प्रत्यक्ष विद्युत्‌-नोंदी घेण्यात आल्या. त्यांत हे क्षेत्र उच्चारापूर्वी क्रियाशील असते आणि प्रत्यक्ष उच्चार चालू असता शांत होते, असे आढळले. तात्पर्य, हे क्षेत्र बोलणारे नसून बोलण्याची जुळणी करणाऱ्या एका मोठ्या जाळ्याचा दुवा आहे.

या जुळणीत बिघाड झाला की व्याकरण विसकटते. इंग्रजीभाषी रुग्ण प्रत्यय व साहाय्यक शब्द गाळतो आणि त्याचे बोलणे तारेच्या मजकुरासारखे होते. इंग्रजीत हे शक्य आहे, कारण प्रत्यय गाळला तरी मागे पूर्ण शब्द उरतो. मराठीची घडण निराळी आहे. ‘पाण्यात’ यातील ‘त’ काढल्यास ‘पाण्या’ हे सामान्यरूप उरते. ते एकटे उच्चारता येत नाही. ‘चांगला’ या विशेषणातून लिंगवचनाची खूण काढल्यास शब्दच उरत नाही. ‘मुलाने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलाने पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्मानुसार बदलते; ‘खाल्ल्‌’ असे कोणी म्हणू शकत नाही. जेथे गाळणे अशक्य आहे, तेथे रुग्ण चुकीचे का होईना, पण दुसरे रूप योजतो. हिब्रू व इटालियन भाषांतील निरीक्षणे याच तत्त्वाकडे निर्देश करतात.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. अंधेरी वा मुलुंड येथील रुग्ण घरी मराठी, शेजारी गुजराती वा हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणारा असू शकतो. त्याच्या इंग्रजीतून प्रत्यय गळतील. मराठीत मात्र प्रत्येक शब्दास काही ना काही प्रत्यय असेल. केवळ गळलेल्या प्रत्ययांची मोजदाद करणारा परीक्षक ‘इंग्रजी गेली, मराठी शाबूत आहे’ असा निष्कर्ष काढील आणि मराठीतील उपचार अनावश्यक ठरवील. वस्तुतः ही एकाच व्याधीची दोन रूपे आहेत. आकलनाचेही तसेच आहे. ‘मुलीला मुलगा ढकलतो’ या वाक्याचा अर्थ शब्दक्रमावर नव्हे, तर ‘ला’वर अवलंबून आहे. ‘ला’कडे दुर्लक्ष झाले की कर्ता व कर्म यांची अदलाबदल होते.

वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाची वाक्‌-श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि वाचोपचारांच्या शिक्षणाची सोय उपनगरातच झाली. चाचणीची वाक्ये इंग्रजीवरून भाषांतरित न करता विभक्ती, सामान्यरूप व लिंगवचनाचा मेळ यांवरून रचणे, हे अशा शिक्षणास वैयाकरणाने करावयाचे साहाय्य होय. मेंदूचा प्रदेश सर्वांचा एकच असला, तरी त्याला झालेल्या इजेची साक्ष प्रत्येक रुग्ण आपापल्या भाषेतच देतो.